जुना चेनसॉ तापला की बंद पडतो, गार झाला की सुरू होतो: दोष नेमका कसा पकडायचा

"मालक, गार असताना एका झटक्यात सुरू होतंय. दहा मिनिटं झकास चालतंय. मग विझतंय, आणि पुढं किती बी दोरी ओढा, दाद देत नाही. अर्धा तास लिंबाच्या सावलीत ठेवलं की परत पहिल्या झटक्यात."

होळी झाली की सोलापुरात ही तक्रार सुरू होते आणि पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. माझ्याकडं जी जुनी मशीनं येतात त्यांतली सगळ्यात जास्त याच एका दुखण्याची असतात. आधीची हकिकतही बहुतेक वेळा तीच. प्लग बदलून झालेला असतो, कार्ब्युरेटरचा किट टाकून झालेला असतो, कुणी कुणी तर नवा कार्ब्युरेटरच बसवून घेतलेला असतो. मशीन मात्र होतं तसंच.

असं होतं कारण मशीन गॅरेजात पोचेपर्यंत गार झालेलं असतं, आणि गार मशीनमध्ये दोष दिसतच नाही. मेकॅनिक ठिणगी पाहतो, ती निळी असते. कार्ब्युरेटर उघडतो, पेट्रोल येत असतं. दोरी ओढतो, मशीन सुरू होतं. मग काहीतरी केलं पाहिजे म्हणून तो डायफ्राम, म्हणजे कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा, बदलून देतो. या दुखण्याचं निदान मशीन बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत, तिथंच बांधावर उभं राहून करायचं असतं. त्या दोन-तीन मिनिटांत काय पाहायचं आणि जे सापडेल त्याचं पुढं काय करायचं, ते लिहितो.

हे मी स्वतः चुकून शिकलो. एका लाकडाच्या वखारीनं धंदा बंद करताना भंगारात काढलेलं एक मशीन मी किलोवर घेतलं होतं. शंभर सी.सी.च्या वरचं, १९७०च्या आसपासचं, आत प्लॅटिनम पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे धातूचे दोन ठोकळे. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, म्हणजे ऐन जानेवारीच्या थंडीत, त्यानं बाभळीचे ओंडके दिवसभर कापले, एकदाही कुरकुर नाही. तेच मशीन मे महिन्यात मोहोळच्या बाजूला एका शेतात सुबाभूळ कापायला नेलं आणि बाराव्या मिनिटाला मेलं. ऊन बेचाळीसच्या पुढं. मी दोनदा डायफ्राम बदलले, एकदा पेट्रोलची नळी बदलली. गॅरेजात प्रत्येक वेळी उत्तम, शेतात प्रत्येक वेळी बाराव्या मिनिटाला ठप्प. ते मशीन कसं सुटलं हे ओघात येईलच.

बंद पडताना आवाज कसा होता?

मी पहिला प्रश्न हाच विचारतो. बहुतेकांना उत्तर माहीत असतं, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

बटण दाबल्यासारखं टक्कन बंद पडलं असेल, तर संशय ठिणगीवर. भार घेताना आधी दम लागल्यासारखं झालं, रेस दिल्यावर उलट मरगळलं आणि हळूहळू विझलं, तर पेट्रोल पुरत नाही. आणि विझण्याआधी मशीन रिकामंच जोरात फिरायला लागलं, रेस सोडल्यावरही आवाज खाली उतरेना, आडवं केलं की एक आवाज आणि उभं केलं की दुसरा, तर आत कुठून तरी फालतू हवा शिरते आहे. हा तिसरा प्रकार सगळ्यात घातक. हवा जास्त म्हणजे पेट्रोल कमी, आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, त्यामुळं पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. असं मशीन "अजून थोडं कापून घेऊ" म्हणून चालवलं की पिस्टन सीझ होतो, आणि जुन्या मशीनचा पिस्टन-सिलिंडर शोधण्यात वर्ष जातं. तो आवाज आला की त्याच क्षणी बंद करायचं.

बंद पडल्यावरची तीन मिनिटं

शेतात जाताना एका डबीत एवढं ठेवा: प्लगचा पाना, खात्रीचा एक प्लग, चामडी हातमोजे, फडकं, आणि घरी केलेला ठिणगी-टेस्टर. टेस्टर म्हणजे जुना प्लग, त्याचा बाजूचा वाकडा दांडा कापून टाकायचा आणि बुडाला तारेनं एक मगरचिमटा जोडायचा. साध्या प्लगवर उघड्या हवेत ठिणगी दिसली म्हणून समाधान मानू नका. अर्ध्या मिलिमीटरची फट उघड्या हवेत अशक्त कॉइलही ओलांडतं. सिलिंडरच्या दाबाखाली तीच ठिणगी पडत नाही. दांडा कापलेल्या प्लगवर ठिणगीला पाच-सहा मिलिमीटर उडी मारावी लागते, तिथं खरं कळतं.

आधी टाकीचं टोपण. सावकाश सैल करा, तोंड दुसरीकडं, कारण तापलेल्या टाकीतून पेट्रोल उसळू शकतं. कान देऊन ऐका. हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि टोपण सैल ठेवल्यावर मशीन सुरू झालं, तर टाकीचा श्वास कोंडला आहे, एवढंच. पेट्रोल खर्च झालं तेवढी हवा आत यायला हवी, ती येत नव्हती. हवा बाहेर पडली तर घाबरू नका. टोपणातली झडप हवा आत घेण्यासाठी असते, बाहेर सोडण्यासाठी नाही, त्यामुळं उन्हात टाकीत थोडा दाब राहणारच.

मग प्लग काढा. तो ओला आहे की कोरडा, हे डोळ्यांनी पाहून लक्षात ठेवा. प्लगच्या भोकात फडकं कोंबा, टेस्टर कॅपला लावून चिमटा सिलिंडरवरच्या, भोकापासून लांबच्या फिनला लावा आणि दोरी ओढा. भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, म्हणून ठिणगी जवळ नको.

शेवटी दाब. प्लग परत घट्ट बसवा, दोरीची मूठ धरून मशीन जमिनीपासून वीतभर उचला. चांगलं मशीन दोरीला लटकतं आणि थांबत थांबत, एकेक टप्पा घेत खाली येतं. सरळ सर्रकन खाली आलं तर तापल्यावर कॉम्प्रेशन जातंय.

ओला प्लग आणि ठिणगी नाही, कोरडा प्लग आणि ठिणगी चांगली, दोन्ही चांगलं पण दाब नाही: यातलं काय दिसलं ते तिथंच कागदावर लिहा. घरी येईपर्यंत माणूस आपल्याला सोयीचं तेवढंच आठवतो.

ठिणगी नाही

माझ्या मशीनचा पहिला दोष इथं निघाला. तेराव्या मिनिटाला टेस्टरवर काहीच नव्हतं. पंचवीस मिनिटांनी निळीशार ठिणगी.

प्लॅटिनम पॉइंटच्या मशीनमध्ये कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून लावलेली छोटी डबी) तिन्ही मॅग्नेटच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाच्या, खाली किंवा त्याला खेटून असतात, म्हणजे क्रँककेसच्या, सिलिंडरखालच्या पेटीच्या, धगीवर. पन्नास वर्षांच्या कंडेन्सरमधला कागद तापला की गळायला लागतो. कॉइलमधल्या तारेचं इन्सुलेशनही तसंच. दोघांत आधी कंडेन्सर बदलावा, तो स्वस्त आहे आणि दोषी असण्याची शक्यताही त्याचीच जास्त. पॉइंट उघडून त्यांचा चेहरा पाहा. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड तयार झालं असेल, पृष्ठभाग काळानिळा असेल, तर कंडेन्सर आपलं काम करत नाही. मल्टीमीटरवर त्याची किंमत साधारण ०.१५ ते ०.३० मायक्रोफॅरडच्या दरम्यान बरोबर आली म्हणून तो चांगला ठरत नाही. मल्टीमीटर दोन-चार व्होल्टवर मोजतो आणि मशीनमध्ये त्याला काहीशे व्होल्ट सोसावे लागतात. बदलून पाहणे हीच परीक्षा.

मूळ कंडेन्सर मिळाला नाही म्हणून अडू नका. पॉइंटवाल्या जुन्या लुना, स्कूटर, मोटारसायकल यांचे कंडेन्सर जुन्या ऑटो पार्टच्या दुकानांत अजून निघतात आणि त्यांची किंमत याच पट्ट्यात असते. आकार बसत नसेल तर मी तो मॅग्नेटखालून बाहेर काढतो आणि एअर फिल्टरच्या झाकणाखाली, वाऱ्याच्या बाजूला बसवतो. तार आखूड ठेवायची आणि कंडेन्सरचं अंग मशीनच्या धातूला नीट टेकलं पाहिजे, रंग खरवडून. धगीतून बाहेर आलेला कंडेन्सर जास्त टिकतो, हा माझा अनुभव आहे.

पॉइंटची फट मशीनच्या पुस्तकाप्रमाणं, पुस्तक नसेल तर ०.३५ ते ०.४० मि.मी. फिलर गेजनं. घासायचे तर बारीक कानशीनं, पॉलिश पेपरनं नको, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात. नंतर कोरा कागद पॉइंटमध्ये धरून ओढायचा, तेलाचा थेंब राहता कामा नये. कॉइल आणि मॅग्नेटमधली फट लावायला जाड व्हिजिटिंग कार्ड पुरतं, ते पाव मिलिमीटरच्या आसपास असतं.

कंडेन्सर बदलूनही ठिणगी तापल्यावर जात असेल तर कॉइल. खात्री करायची असेल तर मशीन गार असताना कॉइलला हेअर ड्रायरनं दहा मिनिटं गरम करा आणि मग टेस्टर लावा. बाकी मशीन गार, फक्त कॉइल गरम, आणि ठिणगी गेली, तर दोषी हातात सापडला. आता पॉइंट काढून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवण्याचीही सोय आहे. वापराचं मशीन असेल तर खुशाल बसवा. संग्रहाचं असेल तर मी पॉइंट ठेवतो, आणि मॉड्यूल बसवलंच तर काढलेले भाग पिशवीत घालून मशीनलाच बांधून ठेवतो, पुढच्या माणसाला लागतील म्हणून.

मॅग्नेट काढताना एक विनंती. त्याच्या पाठीमागं स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, मागची भिंत मॅग्नेशियमची असते, टवका उडतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडा, नट सोडवा आणि पुलर वापरा. क्लचकडचा आटा बहुतेक मशीनना उलटा असतो, हे विसरून जोर लावणाऱ्यांनी मोडलेले क्रँक मी पाहिले आहेत.

कंडेन्सर बदलला, आठ दिवसांनी पुन्हा तेच

माझं मशीन कंडेन्सर बदलल्यावर बरं झालं असं मला वाटलं. आठ दिवसांनी पुन्हा बंद पडायला लागलं. या वेळी मात्र आवाज वेगळा होता. आधीचं टक्कन बंद पडणं गेलं होतं. आता विझण्याआधी ते किंचाळत होतं, रेस सोडली तरी उतरत नव्हतं. दोन दोष एकावर एक बसले होते, आणि पहिला सापडल्यावर मी पुढं पाहणं थांबवलं होतं. डायफ्राम दोनदा बदलण्याइतकीच ही माझी मोठी चूक. पिस्टन वाचला तो केवळ मी लगेच बंद केलं म्हणून.

ही हवा शिरते कुठून? टू-स्ट्रोकचा क्रँककेस हवाबंद असावा लागतो. पिस्टन वर जाताना तो हवा-पेट्रोल आत ओढतो, खाली येताना ढकलतो. क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. रबर जुनं झालं की त्याचा ओठ लाकडासारखा कडक होतो. गार असताना कसाबसा शाफ्टला धरून राहतो, तापल्यावर सोडतो. मग कार्ब्युरेटरमधून यायची ती हवा सीलमधून येते, सोबत पेट्रोल नसतं.

तपासायला महागडं किट लागत नाही. मी डॉक्टरांच्या बी.पी.च्या यंत्राचा रबरी फुगा आणि घड्याळ वापरतो. त्याचा काटा ३०० पर्यंत जातो, म्हणजे सुमारे ०.४ बार, आणि या कामाला तेवढा दाब पुरतो. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढली आणि त्याच्या बुडात पितळी नळी ब्रेझ करून घेतली. अक्कलकोट रोडच्या एम.आय.डी.सी.तल्या लेथवाल्या मामांनी ते चहा व्हायच्या आत करून दिलं. कार्ब्युरेटर काढून त्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पत्रा आवळायचा, सायलेन्सरच्या जागीही तसंच. पिस्टन पार खाली आणायचा म्हणजे वरची हवा क्रँककेसमध्येही पोचते. मग फुगा दाबून काटा ३०० वर न्यायचा आणि पाहत बसायचं. अर्ध्या मिनिटात तो जागचा हलता कामा नये. उतरत असेल तर साबणाचं पाणी ब्रशनं लावत जा: दोन्ही सील, सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग, क्रँककेसचा जोड.

माझ्या मशीनचा काटा हललाच नाही. तिथंच मी सोडून देणार होतो. पण सीलचा ओठ कसा असतो ते आठवलं: आतून दाब आला की तो शाफ्टवर दाबला जातो आणि उलट घट्ट बसतो. मशीन चालताना अर्धा वेळ आत दाबाऐवजी ओढ असते. म्हणून उलटी परीक्षाही करावीच लागते. मेडिकलमधून ६० मि.ली.ची सिरिंज आणि सलाइनला लावतात तो थ्री-वे नळ आणला, फ्रिजवाल्याकडून निळं गेज मागून घेतलं, त्यावर शून्याच्या खालीही आकडे असतात. सिरिंज ओढायची, नळ फिरवायचा, हवा बाहेर टाकायची, परत ओढायची. काटा शून्याखाली पंधरा इंचांवर गेला आणि डोळ्यांदेखत परत आला. क्लचकडच्या सीलभोवती ऑइलचा थेंब सोडला तर तो आत ओढला गेला. मशीन थोडं तापवून केलं तर आणखी लवकर.

सील काढताना शाफ्टला ओरखडा पडता कामा नये. सीलच्या पत्र्यात बारीक भोक पाडून त्यात छोटा स्क्रू फिरवायचा आणि स्क्रू पकडीनं ओढायचा. बाहेर आलेला माझा सील नखानं वाजवला तर टकटक आवाज आला. शाफ्टवर बोट फिरवलं तेव्हा जुन्या ओठानं कोरलेली केसभर खाच हाताला लागली. नवा सील त्याच खोलीवर बसवला असता तर ओठ त्याच खाचेत पडला असता आणि दुखणं परत आलं असतं. मी तो एक मिलिमीटर बाहेर ठेवला, ओठ कोऱ्या धातूवर आला. बसवताना शाफ्टच्या आट्यांवरून आणि चावीच्या घळीवरून ओठ कापला जातो. तो वाचवायला दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक शाफ्टला गुंडाळा, वर ग्रीस लावा, सील सरकवा आणि प्लॅस्टिक ओढून घ्या. स्प्रिंगची बाजू आत.

सील घालण्याआधी मॅग्नेट हातात धरून वरखाली हलवून पाहा. खेळ जाणवला तर आधी बेअरिंग. शाफ्ट थरथरत असेल तर कुठलाही सील महिनाभरही टिकत नाही.

ठिणगी आहे, प्लग कोरडा

इथं आता पेट्रोलबद्दल बोलावं लागेल. २०२३ पासून ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक सगळीकडं झालं. आपल्या जिल्ह्यात ऊस आणि साखर कारखाने एवढे, की इथेनॉल आपल्याला परकं नाही. पण ही मशीनं बनली तेव्हा ते टाकीत येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. तीन गोष्टी होतात. जुनं रबर फुगतं किंवा चिकट होतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पुरेसं ओढलं की पाण्यासकट टाकीच्या तळाला वेगळं बसतं. आणि इथेनॉलमध्ये मूळचाच ऑक्सिजन असल्यामुळं निव्वळ पेट्रोलवर लावलेला कार्ब्युरेटर आता हवेच्या मानानं कमी पेट्रोल देतो, म्हणजे मशीन जास्त तापतं.

म्हणून आतली नळी, फिल्टर आणि डायफ्राम एकदा बदला, नळी शक्यतो व्हायटॉनची, म्हणजे धग आणि पेट्रोल सोसणाऱ्या रबराची. कार्ब्युरेटरचा एच स्क्रू, म्हणजे पूर्ण रेसला पेट्रोल किती जावं ते ठरवणारा, थोडासा, एक अष्टमांश फेरीच्या आसपास, उघडा. पूर्ण रेस दिल्यावर रिकाम्या मशीनचा आवाज किंचित फडफडता हवा आणि लाकडात घातल्यावर तो साफ व्हायला हवा. रिकामं असताना आवाज एकदम चिरका आणि स्वच्छ येत असेल तर पेट्रोल कमी आहे. काम झालं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप विझेपर्यंत चालू ठेवा. पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे ते पाहायचं असेल तर शंभर मि.ली.च्या मापात ९० पेट्रोल आणि १० पाणी घालून मोकळ्या जागेत हलवा आणि स्थिर होऊ द्या. खालचा थर दहावरून २७-२८ च्या आसपास गेला तर ते ई-२० आहे.

ऑइलचं प्रमाण जुन्या मशीनच्या पुस्तकात १:२५ किंवा त्याहून दाट असतं, त्या काळच्या ऑइलसाठी. मी आजचं चांगलं टू-स्ट्रोक ऑइल घालूनही सोलापूरच्या उन्हात लिटरला ४० मि.ली. ठेवतो, म्हणजे १:२५. धूर थोडा जास्त होतो, तो चालतो.

खरा व्हेपर लॉक, म्हणजे नळीतच पेट्रोल उकळणं, मी फार कमी वेळा पाहिला. बहुतेक वेळा सिलिंडरच्या फिनमध्ये भुसा आणि ऑइलचा थर भरलेला असतो, वारा लागतच नाही, आणि दोष पेट्रोलला दिला जातो. झाकण काढून फिन खरवडा. कित्येक मशीनं एवढ्यानंच सुधारतात.

दाब जातोय

यावर घरगुती इलाज नाही. रिंग घासल्या आहेत किंवा सिलिंडरला ओरखडे आहेत. प्लगच्या भोकात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा दोरीला लटकवून पाहा. दाब लगेच वाढला तर रिंग. दुसऱ्या गाडीची रिंग घालायची तर व्यास आणि जाडी जुळून भागत नाही. पिस्टनच्या खाचेत रिंगचं तोंड अडवणारी बारीक पिन असते, रिंगच्या टोकांचा आकार तिच्याशी जुळलाच पाहिजे. नाहीतर रिंग फिरते, पोर्टमध्ये अडकते आणि मोडते.

भाग कुठं मिळतात

ऑइल सील आणि बेअरिंगसाठी मशीनची कंपनी शोधत बसू नका. सीलवर आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. पुसले असतील तर व्हर्नियरनं मोजा. यंत्रमागाचं गाव असल्यामुळं सोलापुरात बेअरिंगची दुकानं भरपूर आहेत, आणि "१७-३०-७ द्या" म्हटलं की दुकानदार मशीन कोणतं हे विचारतही नाही. फक्त व्हायटॉनचा मागा, काळं साधं रबर या धगीत लवकर कडक होतं. पॅकिंगचा कागदही सुटा मिळतो. जुनं पॅकिंग कोरडं खरवडू नका, त्या काळातल्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओलं करून काढा.

मंगळवार बाजारातल्या भंगारात मी सवयीनं फिरतो. पूर्ण चेनसॉ वर्षा-दोन वर्षांत एखादा दिसतो. पण स्टार्टरच्या स्प्रिंगा, तारा आणि जुने प्लग मिळतात. माझी दोन मशीनं चिकमगळूरकडच्या कॉफीच्या मळ्यांतून आली. तिकडं जंगल आणि मळे असल्यामुळं चेनसॉ आपल्यापेक्षा फार आधीपासून वापरात आहेत, आणि आपल्यातल्या पुष्कळांना कानडी येतं याचा इथं उपयोग होतो.

मॉडेलप्रमाणं नशीब बदलतं. स्टिल (Stihl) या जर्मन कंपनीचं ०७०, १०६ सी.सी.चं, ५८ मि.मी. बोअरचं, आशियात आणि दक्षिण अमेरिकेत इतकं चाललं की त्याचे पिस्टनपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे भाग आजही नवे तयार होतात. नव्यानं संग्रह सुरू करणाऱ्याला मी तेच सुचवतो. त्याचा मूळपुरुष म्हणजे १९५९चा काँट्रा. गिअरशिवाय, थेट क्लचवरून चेन फिरवणारा. तो मिळाला तर भाग्य, पण भागांसाठी तयारी ठेवा. मॅककलॉक, होमलाइट या अमेरिकन कंपन्यांचे भाग अमेरिकेतून मागवता येतात, पण टपाल आणि जकात भागापेक्षा जास्त होते. म्हणून एकट्यानं मागवण्यापेक्षा तिघा-चौघांनी मिळून मागवलेलं बरं. चेनची काळजी नको. मोठ्या जुन्या मशीनना ०.४०४ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर) चेन लागते आणि ती नवी मिळते. बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) आणि चेन फिरवणारं दातेरी चाक यांचा पिच तेवढा जुळवून घ्या.

एक गोष्ट मी प्रत्येकाला तोंडावर सांगतो. १९७०च्या दशकाआधीच्या बहुतेक मशीनना चेन ब्रेक नाही. बारचं टोक लाकडाला टेकून मशीन उसळलं तर चेन थांबवणारं काही नाही. दुरुस्त करा, सुरू करून दाखवा, एखादा ओंडका कापा. रोजची मजुरी त्याच्यावर करू नका आणि मुलाच्या हातात देऊ नका.

माझ्या मशीनला नवे सील घातल्यावर मी ते त्याच शेतात, दुपारी दोन वाजता नेलं. तीन टाक्या पेट्रोल संपेपर्यंत ते थांबलं नाही, आणि रेस सोडली की दर वेळी आवाज खाली उतरत होता. त्याला आता दोन उन्हाळे झाले.

आणि सुरुवातीला ज्यांचं बोलणं लिहिलं, त्या अक्कलकोटच्या बाजूच्या शेतकऱ्याला मी फोनवरच सांगितलं, बंद पडलं की लगेच टोपण सैल करा आणि फोन जवळ धरा. सूं करून हवा आत गेलेली मला इकडं ऐकू आली. टोपणाच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. सुईनं ती माती काढली, आणि फोन चालू असतानाच मशीन सुरू झालं.